परिवर्तन कार्यक्रमाचा दहावा दिवस

नॉर्थ कॅरोलिनामधील मॉरिसव्हिल हे रॅले आणि डरहॅम या शहरांच्या मधोमध वसलेले, २०२० च्या जनगणनेनुसार तीस हजारांहून थोड्या कमी वस्तीचे गाव. एका बाजूस विमानतळ, दुसऱ्या बाजूस १९५९ साली उभे राहिलेले 'रिसर्च ट्रँगल पार्क'. लगतच्या केरी गावासह या परिसरात संगणक, औषधनिर्मिती आणि वैद्यकीय संशोधन या क्षेत्रांत काम करणारी भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. या मंडळींच्या नोकरीत एक गोष्ट ठरावीक काळाने येतेच, ती म्हणजे कंपनीचा नवा परिवर्तन कार्यक्रम. कधी त्याचे नाव 'लीन' असते, कधी 'सिक्स सिग्मा', कधी 'अ‍ॅजाइल'. शुभारंभाची सभा होते, नवी परिभाषा येते, प्रशिक्षण होते आणि प्रत्येकाने आपल्या कामात सतत सुधारणा करत राहावी, अशी अपेक्षा व्यक्त केली जाते.

अशा गोष्टींसाठी मराठीत 'नव्याचे नऊ दिवस' हा नेमका वाक्प्रचार आहे. खरा प्रश्न दहाव्या दिवसाचा असतो. मोहीम ओसरल्यावर कर्मचाऱ्याच्या मनात सुधारणेविषयी काय उरते? उत्साह, उदासीनता, की धास्ती? गेल्या पाऊणशे वर्षांतील संशोधन आणि काही कंपन्यांचा इतिहास पाहिला, तर उत्तर बरेच स्पष्ट आहे. मागच्या वेळी सुचवलेल्या गोष्टीचे आणि ती सुचवणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, यावर ही मनोवृत्ती घडते.

दोन भिन्न गोष्टी

परिवर्तन कार्यक्रम आणि सातत्यपूर्ण सुधारणा हे शब्द कार्यालयांत एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांची प्रकृती वेगळी आहे. परिवर्तन कार्यक्रमाला आरंभ असतो, मुदत असते, अंदाजपत्रक असते आणि तो बहुधा वरून खाली येतो. सातत्यपूर्ण सुधारणेला शेवट नसतो. जो माणूस प्रत्यक्ष काम करतो त्यालाच त्यातील अडचण आधी दिसते, म्हणून तिचा उगम खाली असतो. मासाकी इमाई यांच्या १९८६ सालच्या 'कायझेन' या पुस्तकामुळे ही जपानी संज्ञा जगभर पोहोचली. लहान लहान सुधारणा, रोज आणि सर्वांकडून, हा तिचा गाभा.

म्हणजेच पहिली गोष्ट आज्ञेने करता येते, दुसरी येत नाही. हजेरी सक्तीची करता येईल, पण 'येथे काहीतरी चुकते आहे' हे सांगण्याची इच्छा सक्तीने निर्माण होत नाही. गुणवत्ताशास्त्राचे अमेरिकी आचार्य एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापकांसाठी सांगितलेल्या चौदा सूत्रांत कामाच्या जागेतून भय हद्दपार करा, असे एक सूत्र आहे आणि घोषवाक्ये व उद्बोधने बंद करा, असे दुसरे. बहुतेक परिवर्तन कार्यक्रम नेमके उलटे करतात. घोषवाक्ये आणतात आणि भयाला हात लावत नाहीत.

पायजम्यांच्या कारखान्यातील धडा

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मॉरिसव्हिलपासून फार दूर झालेला नाही. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन या डोंगराळ गावात हारवुड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की तेथील कामगार नाराज होत, उत्पादन घसरे, अनेक जण नोकरी सोडून जात. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तेथे केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला.

त्यांनी सारख्याच स्वरूपाचे बदल वेगवेगळ्या गटांत तीन पद्धतींनी केले. पहिल्या गटाला व्यवस्थापनाने बदल समजावून सांगितला आणि लागू केला. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि त्यांनी नव्या पद्धतीच्या आखणीत भाग घेतला. तिसऱ्या प्रकारच्या दोन लहान गटांत प्रत्येक कामगार आखणीत सहभागी झाला. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते घसरलेलेच राहिले आणि चाळीस दिवसांत सतरा टक्के कामगारांनी नोकरी सोडली. उरलेल्या गटांतून एकही जण गेला नाही. पूर्ण सहभाग मिळालेले गट काही दिवसांतच सावरले आणि पूर्वीपेक्षा सुमारे चौदा टक्के अधिक उत्पादन देऊ लागले.

या प्रयोगाचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो, पण तो अधिक बोलका आहे. पहिल्या गटातील उरलेल्या तेरा जणांना सुमारे अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून नवे काम दिले गेले. या वेळी आखणीत त्यांना पूर्ण सहभाग मिळाला. आडमुठे ठरलेले हेच कामगार झपाट्याने सावरले आणि जुन्या पातळीच्या पुढे गेले. माणसे तीच होती, बदलली होती ती त्यांना मिळालेली वागणूक. ज्याला आपण 'कर्मचाऱ्यांचा विरोध' म्हणतो, तो त्यांच्या स्वभावाचा भाग नसून वागणुकीला दिलेले उत्तर असू शकतो.

हे गट लहान होते, हे ध्यानात ठेवायला हवे. पुढे नॉर्वेतील एका बुटांच्या कारखान्यात झालेल्या अशाच प्रयोगात इतका ठळक परिणाम दिसला नाही. त्यातून निघालेला बोध असा, की सहभाग लोकांना खरा आणि रास्त वाटला पाहिजे. ज्या प्रश्नावर निर्णय आधीच झाला आहे, त्यावर मत विचारणे म्हणजे सहभाग नव्हे.

मॉरिसव्हिलमधील उदाहरण

कारखान्यातील धडा कार्यालयात कसा लागू पडतो हे पाहण्यासाठी मॉरिसव्हिलमध्येच एक मोठे उदाहरण आहे. डिसेंबर २००४ मध्ये चीनच्या लेनोव्होने आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय विकत घेण्याची घोषणा केली. १७५ कोटी डॉलरांचा हा व्यवहार १ मे २००५ रोजी पूर्ण झाला. 'थिंकपॅड' घडवणारे, आयबीएमच्या शिस्तीत वाढलेले हजारो अमेरिकी कर्मचारी एका रात्रीत चिनी कंपनीचे झाले. त्यांच्यातील मोठा गट याच परिसरात होता. पुढे कंपनीने अमेरिकेतील मुख्यालय न्यूयॉर्क राज्यातील पर्चेस येथून इकडे आणले.

कंपनीची अधिकृत भाषा इंग्रजी ठरली. अध्यक्ष यांग युआनचिंग स्वतः कुटुंबासह नॉर्थ कॅरोलिनात येऊन राहिले आणि इंग्रजी शिकले. तरीही सुरुवातीची वर्षे खडतर गेली. बैठकांत अमेरिकी सहकारी बोलत राहत आणि चिनी सहकारी गप्प बसत. अमेरिकी मंडळी त्या मौनाचा अर्थ संमती असा घेत. कंपनीच्या मनुष्यबळ विभागातील जीना चाओ आणि योलांडा कॉन्यर्स या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी २०१४ साली 'द लेनोव्हो वे' हे पुस्तक लिहून या एकत्रीकरणाची हकीकत मांडली. मौन म्हणजे होकार नव्हे, हे समजून घेण्यातच कंपनीचा बराच काळ गेला.

याच काळात कपातीही झाल्या. मार्च २००६ मध्ये सुमारे १,०००, एप्रिल २००७ मध्ये सुमारे १,४०० आणि जानेवारी २००९ मध्ये सुमारे २,५०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. शेवटची कपात जागतिक मंदीत झाली. २००८ च्या अखेरच्या तिमाहीत कंपनीला ९.७ कोटी डॉलरांचा तोटा झाला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये संस्थापक ल्यू छ्वानची अध्यक्षपदी परतले आणि यांग यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची सूत्रे हाती घेतली.

त्यानंतर 'लेनोव्हो वे' या नावाने कार्यसंस्कृतीचा नवा कार्यक्रम आला. जे बोलू ते करू आणि जे करू त्याची जबाबदारी घेऊ, हे त्याचे सार. ल्यू यांनी रुजवलेली 'फूपान' ही पद्धतही कंपनीच्या जगभरच्या शाखांत पोहोचली. हा शब्द 'गो' या पटावरील खेळातला. डाव संपल्यावर दोन्ही खेळाडू तो पुन्हा मांडून प्रत्येक चाल तपासतात, त्याला फूपान म्हणतात. कामाच्या संदर्भात त्याचे चार टप्पे होतात: मूळ उद्दिष्ट आठवणे, प्रत्यक्ष फलित त्याच्याशी ताडून पाहणे, फरकाची कारणे शोधणे आणि पुढच्यासाठी निष्कर्ष काढणे. अ‍ॅजाइल पद्धतीने काम करणाऱ्या वाचकांना आपली 'रेट्रोस्पेक्टिव्ह' बैठक यात लगेच ओळखू येईल.

२०१२ साली यांग यांनी आपल्या बोनसमधील सुमारे ३० लाख डॉलर स्वागतकक्षातील आणि उत्पादनसाखळीवरील कर्मचाऱ्यांसह कनिष्ठ पातळीवरच्या सुमारे १०,००० जणांत वाटले आणि पुढच्या वर्षीही तसेच केले. २०१३ मध्ये लेनोव्हो विक्रीच्या संख्येत जगातील सर्वांत मोठी वैयक्तिक संगणक कंपनी ठरली. या यशाचे श्रेय एकट्या संस्कृती-कार्यक्रमाला देता येणार नाही. त्यात बाजारपेठ, किंमत आणि चीनमधील मागणी यांचा मोठा वाटा होता. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. आपल्या चालींची चिकित्सा करा, असे सांगणारा कार्यक्रम तीन कपाती पाहिलेल्या माणसांपुढे आला होता. खेळाडूला हरलेला डाव पुन्हा मांडता येतो, कारण हरल्याबद्दल त्याला पटावरून कायमचे उठवले जात नाही. नोकरीत ही खात्री नसेल, तर फूपान ही स्वतःविरुद्धची साक्ष वाटू लागते.

सुधारणेने वाचलेल्या वेळाचे काय?

येथे या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न येतो. कर्मचाऱ्याने आपले काम पाच तासांवरून तीन तासांवर आणले, तर वाचलेले दोन तास कोणाचे? त्या तासांचे रूपांतर कपातीत होणार असेल, तर सुचवणारा माणूस स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या पोटावर पाय आणत असतो. पुढच्या वेळी तो गप्प राहिला, तर त्याला आळशी म्हणता येत नाही.

अमेरिकेतच या प्रश्नाला दिलेले एक वेगळे उत्तर सापडते. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी आणि संपांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तो 'नुम्मी' या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच होते आणि युनियनही तीच. तरी पूर्वी सुमारे वीस टक्के असलेली गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. प्रत्येक कामगाराला अडचण दिसताच दोरी ओढून मदत मागवण्याचा आणि प्रसंगी सारी साखळी थांबवण्याचा अधिकार होता. पण दोरीमागे एक करारही होता. आधी व्यवस्थापनाची वेतनकपात आणि बाहेर दिलेली कामे परत आणणे यांसारखे उपाय केल्याशिवाय कामगारांना काढायचे नाही, असे त्यात ठरले होते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींची मागणी घसरली, तेव्हा या वचनाची परीक्षा झाली. कंपनीने कामगार काढले नाहीत. रिकाम्या वेळात त्यांना प्रशिक्षण दिले आणि सुधारणेच्या कामावर लावले. शेवटी २०१० मध्ये तो कारखाना बंद झाला हे खरे, पण मधल्या पंचवीस वर्षांत त्याच माणसांनी वेगळी मनोवृत्ती दाखवली होती.

महाराष्ट्रातील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. आनंद महिंद्रा १९९१ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या कांदिवली कारखान्याच्या कारभारात आले, तेव्हा दिवाळीचा बोनस उत्पादकतेशी जोडण्याच्या भूमिकेवरून कामगारांनी त्यांना घेराव घातला होता. केबिनमध्ये दडून न राहता त्यांनी बाहेर येऊन कामगारांशी बोलणे केले, हा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. कांदिवली आणि नागपूरचे कारखाने असलेल्या याच कंपनीच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ साली जपानचे डेमिंग पारितोषिक मिळवले. ते मिळवणारी ती जगातील पहिली ट्रॅक्टर कंपनी. २००७ मध्ये त्यापुढील 'जपान क्वालिटी मेडल'ही या विभागाला मिळाले. घेरावापासून पारितोषिकापर्यंत बारा वर्षे गेली, ही बाब महत्त्वाची आहे. सुधारणेची सवय तिमाही अहवालाच्या मुदतीत लागत नाही.

अविश्वास ही शिकलेली गोष्ट

संघटनशास्त्रात या साऱ्याची सैद्धांतिक मांडणी झालेली आहे. अकिलिस आर्मेनाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते बदलाचा स्वीकार पाच समजुतींवर उभा असतो: बदलाची खरोखर गरज आहे, सुचवलेला बदल त्या गरजेला योग्य आहे, तो आपल्याला जमेल, वरिष्ठ त्याच्या पाठीशी ठाम उभे राहतील आणि त्यात आपलेही काही हित आहे. बहुतेक कार्यक्रमांची शक्ती पहिल्या दोन समजुती पटवण्यात खर्च होते. कर्मचाऱ्यांचे मन मात्र शेवटच्या दोहोंपाशी अडलेले असते.

दुसरी मांडणी आहे ती जॉन वॅनस, अर्नॉन रायकर्स आणि जेम्स ऑस्टिन यांची. बदलाविषयीच्या उपहासवृत्तीचा त्यांनी अभ्यास केला. या वृत्तीचे दोन घटक त्यांनी सांगितले. हा बदल यशस्वी होणार नाही असा निराशावाद, आणि त्याला जबाबदार असलेल्यांत कुवत किंवा इच्छा नाही असा ठपका. यामागचे एक ठळक कारण म्हणजे पूर्वीच्या फसलेल्या कार्यक्रमांचा अनुभव. निर्णयात आपल्याला विचारले जाते असे ज्यांना वाटत होते, ते तुलनेने कमी उपहासखोर होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. त्याला ताकाचे गुणधर्म समजावून सांगून उपयोग नसतो, दुधाविषयी बोलावे लागते.

म्हणूनच एकामागून एक कार्यक्रम आणणाऱ्या कंपन्यांत विचित्र गोष्ट घडते. प्रत्येक नवा कार्यक्रम मागच्याची राख न सावडता सुरू होतो. अनुभवी कर्मचारी नव्या परिभाषेत जुनेच काम सादर करायला शिकतात. कागदोपत्री सुधारणा वाढते आणि प्रत्यक्षात पहिले पाढे पंचावन्न.

परदेशस्थ कर्मचाऱ्याचे मौन

या चर्चेला आपल्या वाचकांच्या दृष्टीने आणखी एक पैलू आहे. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याची नोकरी गेली, तर जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार त्याला अधिकाधिक साठ दिवसांची सवलत मिळते आणि देशात राहण्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तीही नाही. तेवढ्यात नवा मालक शोधणे, व्हिसाचा प्रकार बदलणे किंवा देश सोडणे हे पर्याय उरतात. प्रत्येक देशाला रोजगाराधारित ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची प्रतीक्षा वर्षानुवर्षे चालते. घराचे कर्ज, मुलांची शाळा आणि कुटुंबाचे वास्तव्य एका नोकरीवर टांगलेले असते.

अशा माणसाला 'मोकळेपणाने चुका सांगा' असे आवाहन केले जाते, तेव्हा त्याच्या शेजारी बसलेल्या अमेरिकी नागरिकाइतकी जोखीम त्याला परवडत नाही. तो बैठकीत गप्प राहिला की त्याचे स्पष्टीकरण बहुधा संस्कृतीत शोधले जाते. भारतीय मंडळी वरिष्ठांपुढे बोलत नाहीत, असे म्हटले जाते. त्यात थोडे तथ्य असेलही. पण लेनोव्होत चिनी सहकाऱ्यांच्या मौनाचा जसा सोयीचा अर्थ लावला गेला, तसाच हाही आहे. संस्कृतीकडे बोट दाखवण्याआधी जोखमीचा हिशेब पाहिला पाहिजे. ग्रीन कार्ड हाती आल्यावर तोच माणूस बोलू लागला, तर प्रश्न संस्कृतीचा नव्हता हे उघड आहे.

दहाव्या दिवसाची तयारी

आपल्या वाचकांपैकी अनेक जण आता स्वतः असे कार्यक्रम राबवणाऱ्या पदांवर आहेत. त्यांना वरील साऱ्यातून काही व्यवहार्य नियम काढता येतात.

पहिला, नवा कार्यक्रम जाहीर करण्यापूर्वी जुन्याचा हिशेब द्यावा. काय साधले, काय फसले आणि का, हे वरिष्ठांनी स्वतः सांगावे. फूपानची सुरुवात वरून झाली तरच खालच्यांना ती खरी वाटते.

दुसरा, सुधारणेतून वाचलेल्या वेळाचे काय होणार हे आधी सांगावे. कोणाचीही नोकरी जाणार नाही असे वचन देता येत नसेल, तर निदान सुचवलेल्या सुधारणेमुळे सुचवणाऱ्याची जाणार नाही, एवढे तरी ठामपणे सांगता यावे. तेही शक्य नसेल, तर त्याला सातत्यपूर्ण सुधारणा म्हणू नये. खर्चकपात हे तिचे सरळ नाव आहे आणि सरळ नावाने विश्वास कमी दुखावतो.

तिसरा, प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. 'नाही' हेही उत्तर आहे, कारणासह दिले तर मान्य होते. सूचनापेटीला माणसे कंटाळतात ती नकारामुळे क्वचितच. बहुधा निरुत्तर राहिल्यामुळे.

चौथा, चुकांच्या चिकित्सेची बैठक आणि वार्षिक मूल्यमापन यांच्यात भिंत असावी. एकीकडे बोललेले दुसरीकडे पोहोचते, हे एकदा जरी दिसले तरी पुढच्या सर्व बैठका निव्वळ औपचारिक होतात.

ज्यांच्या हाती कार्यक्रम नाही, केवळ त्यात सामील होणे आहे, त्यांच्यासाठी एक प्रश्न पुरेसा आहे: मागच्या खेपेस ज्याने पहिली अप्रिय गोष्ट सांगितली, तो आज कोठे आहे? त्याला बढती मिळाली असेल, किंवा तो निदान आपल्या जागी निर्धास्त काम करत असेल, तर बोलायला हरकत नाही. त्याचे नाव आता कोणी काढत नसेल, तर त्या कार्यालयाने सुधारणेविषयी आपले खरे मत आधीच कळवलेले आहे.